मेहकरचा विद्यार्थी आणि पदार्थविज्ञानाची भाषा

(१)

मराठी वैज्ञानिक परिभाषेचा इतिहास आजवर बहुधा ग्रंथकारांच्या आणि कोशकारांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणता ग्रंथ केव्हा निघाला, कोणती समिती कोणी नेमली, कोणता शब्द कोणी घडविला, याची नोंद त्यात सापडते. परंतु जी परिभाषा ज्याने शिकावयाची त्या विद्यार्थ्याच्या बाजूने हा इतिहास कसा दिसतो, याचा विचार क्वचितच झाला आहे. प्रस्तुत लेखात तो करून पाहावयाचा आहे. त्यासाठी स्थळ म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, विषय म्हणून पदार्थविज्ञान, आणि टप्पा म्हणून शालान्त परीक्षा व पदवी यांच्या मधला, म्हणजे पूर्वीचा इंटरमीजिएट, त्यानंतरचा पूर्व-विद्यापीठ वर्ग आणि आजची अकरावी-बारावी, हा निवडला आहे.

हा टप्पा निवडण्यास कारण आहे. शाळेतले पदार्थविज्ञान बव्हंशी वर्णनपर असते. या टप्प्यावर ते मापनाचे व गणिताचे शास्त्र होते. नेमक्या याच ठिकाणी महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची भाषाही बदलते. विषय अवघड होणे आणि भाषा परकी होणे या दोन गोष्टी एकाच जून महिन्यात घडतात, आणि त्यातली कोणती अडचण कशामुळे आली हे त्या विद्यार्थ्यास ओळखता येत नाही. प्रस्तुत लेखक याच प्रदेशातील मराठी शाळेतून अकरावीस गेला, तेव्हा त्वरणाची व्याख्या त्याला पाठ होती आणि उदाहरणेही सुटत होती. ‘ॲक्सिलरेशन म्हणजे काय’ या पहिल्याच प्रश्नास मात्र त्याला उत्तर देता आले नाही. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे कळावयास काही दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांत आपणास हा विषय येत नाही अशी त्याची समजूत होऊन बसली. हा अनुभव एकट्याचा असता तर येथे सांगण्याचे प्रयोजन नव्हते.

मराठीत पदार्थविज्ञानाचे शब्दच नाहीत, म्हणून ही अडचण येते, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास मात्र निराळे सांगतो. शब्द जवळजवळ दोनशे वर्षांपासून आहेत, आणि एकेका कल्पनेस एकाहून अधिक आहेत. परंतु कोणत्याही एका शब्दसंग्रहास विद्यार्थ्याच्या तोंडी स्थिरावण्याइतका अवधी मिळाला नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

(२)

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे, घाटावरचे गाव. लीळाचरित्रात मेहकर आणि लोणार या दोन्ही स्थळांचे उल्लेख येतात. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून मेहकरची नोंद आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १९०२ मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. म्हणजे १९५० साली शाळेत असलेल्या मेहकरच्या मुलाने गाव न सोडता दहा वर्षांत तीन राज्ये पाहिली. प्रत्येक राज्याची राजधानी निराळी, भाषाविषयक धोरण निराळे आणि परिभाषाही निराळी होती. परिभाषेच्या अस्थैर्याचा अभ्यास करावयास मेहकर योग्य ठरते, ते यामुळे.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा भाग आडबाजूचा होता. रेल्वे घाटाखालून, मलकापूर-नांदुरा-शेगाववरून गेली. मेहकर तिच्यापासून दूर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाविद्यालयीन शिक्षणासाठी वऱ्हाडच्या विद्यार्थ्यास मुंबई, पुणे वा नागपूर गाठावे लागे. १९२३ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे होय. त्या वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजचे विदर्भ महाविद्यालय, सुरू झाले. पुढे अकोला आणि खामगाव येथे महाविद्यालये निघाली आणि वाट जवळ आली. तरी इंटरमीजिएट शिकावयाचे म्हणजे मेहकर सोडावयाचे, ही स्थिती अनेक वर्षे टिकली.

(३)

आता शब्दांकडे वळू. मुंबईस १८२३ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणित व तदनुषंगिक विषय देशी भाषांतून शिकविण्याचा प्रयत्न केला. १८३३ मध्ये हरि केशवजी यांचा ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या नावातच या शास्त्राचे पहिले मराठी अभिधान आहे. ‘सिद्धपदार्थ’ म्हणजे निसर्गात आधीच सिद्ध असलेले पदार्थ, असा त्याचा अर्थ दिसतो. पुढे ‘सिद्ध’ गळाला आणि ‘पदार्थविज्ञान’ उरले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी याच विषयावर लिहिले, आणि शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी पदार्थविज्ञान व रसायन या विषयांवर मराठी ग्रंथांची मालिकाच लिहिली.

या लेखकांपुढे दोन मार्ग होते. एक, कारागिराच्या आणि शेतकऱ्याच्या बोलीतला शब्द उचलून त्याला नेमका अर्थ द्यावयाचा. दुसरा, संस्कृत धातूपासून नवा शब्द घडवावयाचा. साध्या यंत्रांच्या प्रकरणात पहिला मार्ग विलक्षण यशस्वी झाला. तरफ, टेकू, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र हे शब्द आजही शालेय पुस्तकांत आहेत, आणि ते शिकविताना व्याख्येआधी वस्तूच डोळ्यांपुढे येते. मेहकरच्या परिसरात मोटा चालत असत, त्या काळी कप्पी आणि उतरण यांचा धडा विहिरीच्या धावेवर आपोआप घडे. धाव उताराची का असते, याचे उत्तर मोटकऱ्याला ठाऊक होते; पुस्तकाने त्यात फक्त मापन आणले. दाब, लंबक, भिंग, दुर्बीण हे शब्दही असेच रुळले. त्यांतला दुर्बीण मूळचा फारसी, भिंग खास मराठी वळणाचा. परंतु शिकणाऱ्यास त्यांच्या कुळाची चौकशी करण्याची गरज कधी वाटली नाही.

या यशाच्या ऐन काळातच मराठीचा वरचा मार्ग बंद झाला. १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद झाला. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला, अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा. उच्च शिक्षणापुरता पेरींचा पक्ष टिकला, आणि १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ इंग्रजी माध्यमाचे झाले. त्यामुळे मोडकांसारख्यांच्या ग्रंथांना जिज्ञासू वाचक मिळाले, पण वरच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी मिळाला नाही. परिभाषा छापली गेली, परंतु उत्तरपत्रिकेत लिहिली गेली नाही. हे पहिले खंडन होय.

(४)

मेहकरपासून दक्षिणेस व पश्चिमेस थोड्याच अंतरावर निजामी राज्याची हद्द होती. हद्दीपलीकडे जे घडले ते तुलनेसाठी मोलाचे आहे. १९१७ मध्ये हैदराबादेस भाषांतर विभाग स्थापन झाला आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. भौतिक व वैद्यक शास्त्रांची पाठ्यपुस्तके उर्दूत तयार करण्यात आली. औरंगाबादेस १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. म्हणजे ज्या वर्षी वऱ्हाडातील मराठी मुलगा अमरावतीस इंग्रजीतून पदार्थविज्ञान शिकू लागला, त्याच वर्षापासून जालन्याकडील मराठी मुलास औरंगाबादेस ते उर्दूतून शिकावे लागले. एकाचा ‘फोर्स’, दुसऱ्याची ‘कुव्वत’. एकाचे ‘ॲक्सिलरेशन’, दुसऱ्याचा ‘इस्राअ’. दोघांच्या घरी बोलली जाणारी मराठी या दोन्हींपासून सारखीच दूर होती. देशी भाषेत विज्ञान शिकविणे शक्य आहे, हे उस्मानियाने सिद्ध केले. परंतु ती देशी भाषा विद्यार्थ्याची असेलच असे नाही, हेही त्यातूनच दिसले. १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि तीस वर्षांची ती परिभाषा बहुतांशी ग्रंथालयात गेली.

वऱ्हाडाच्या बाजूस स्वातंत्र्याच्या आगेमागे निराळा प्रयोग झाला. नागपूर विद्यापीठाने हिंदी आणि मराठी यांना माध्यम म्हणून स्थान देण्याचे धोरण अंगीकारले, आणि प्रांतिक सरकारच्या आश्रयाने डॉ. रघुवीर यांनी नागपुरात परिभाषेचे कार्य आरंभिले. रघुवीरांची भूमिका स्पष्ट होती. सर्व भारतीय भाषांना समान अशी परिभाषा संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांपासून पद्धतशीर घडविता येते; ती तशी घडविली म्हणजे एका शब्दावरून त्याच्या कुळातील इतर शब्द आपोआप कळतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने या भूमिकेत तथ्य आहे. अपवर्तन, परावर्तन, विवर्तन ही मालिका पाहिली की उपसर्गभेदाने अर्थभेद कसा दाखविता येतो हे ध्यानात येते. इंग्रजी शब्दांत हे नाते सामान्य मराठी विद्यार्थ्यास दिसत नाही.

परंतु शब्दाची पारदर्शकता आणि शब्दाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रघुवीरांनी प्राणवायूस जारक, नत्रवायूस भूयाति, कर्बास प्रांगार आणि हायड्रोजनास उदजन म्हटले. हे शब्द आज वापरात नाहीत. उलट त्यांच्या आधीचे कर्ब आणि नत्र हे शब्द मेहकरच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात आजही ऐकू येतात. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण किती, जमिनीत सेंद्रिय कर्ब किती, याची चर्चा सोयाबीन पेरणारा शेतकरी सहज करतो. त्यातले ‘स्फुरद’ आणि ‘पालाश’ हे शब्द ‘जारका’पेक्षा सोपे आहेत, असे म्हणता येणार नाही. ते टिकले, कारण खताची गोणी दर वर्षी घ्यावी लागते. म्हणजे शब्द दर वर्षी उच्चारावा लागतो. परिभाषा सोपी की अवघड हा प्रश्न दुय्यम असून ती कोणाला किती काळ वापरावी लागते हा प्रश्न मुख्य आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

१९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला. हिंदी-मराठी समान परिभाषेची नागपूरची गरज त्याबरोबरच ओसरली. हे दुसरे खंडन.

(५)

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय निघाले. पुढे त्याने भौतिकशास्त्रासह अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र शासनाने १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग नेमला. नागपूर येथील विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी वर्गांसाठी मराठी ग्रंथ काढले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि १९६७ पासून बालभारतीची पाठ्यपुस्तके घरोघर पोहोचली.

इतक्या उद्योगाचे फळ काय मिळाले, ते एका छोट्या तुलनेवरून पाहता येईल. प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वळतो, या घटनेस जुन्या शालेय पुस्तकांत वक्रीभवन म्हणत; विश्वकोशात प्रणमन म्हटले आहे; बालभारतीच्या पुस्तकात अपवर्तन आहे. वेगबदलाच्या दरास विश्वकोशात प्रवेग, शाळेत त्वरण. ज्याने वस्तूची गती बदलते त्यास विश्वकोशात प्रेरणा, शाळेत बल. सेकंदातील कंपनसंख्येस एकीकडे कंप्रता, दुसरीकडे वारंवारता. विद्युत्शास्त्रातील एका मूलभूत राशीस एकीकडे वर्चस्, दुसरीकडे विभव. शास्त्राच्या नावापाशीही एकमत नाही. भौतिकी, भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान ही तिन्ही नावे वापरात आहेत.

यांतला प्रत्येक शब्द विचारपूर्वक घडविलेला आहे, आणि प्रत्येकाच्या बाजूने युक्तिवाद करता येतो. ‘वक्रीभवन’ सुबोध आहे, परंतु किरण वक्र होत नाही, तो मोडतो, असा आक्षेप घेता येतो. ‘प्रेरणा’ हा शब्द व्यवहारात मनाच्या बाबतीत रूढ असल्याने गोंधळ होतो. ‘त्वरण’, ‘बल’, ‘अपवर्तन’, ‘विभव’ ही रूपे हिंदीशी जुळतात, ही सोय आहे. तरी ‘वस्तुमान’ आणि ‘वारंवारता’ येथे मराठीने स्वतःचाच मार्ग राखला आहे. परंतु मेहकरचा एखादा हुशार विद्यार्थी शाळेतील धडा समजून घेऊन विश्वकोशाचा खंड उघडतो तेव्हा काय होते? आपल्याच भाषेतील सर्वांत मोठ्या संदर्भग्रंथात त्याला ओळखीचा शब्द सापडत नाही. कोश आणि क्रमिक पुस्तक ही दोन्ही मराठीच्याच सेवेसाठी निघालेली साधने एकमेकांशी अनोळखी राहिली. हे तिसरे खंडन होय, आणि हे आपल्याच हातून घडले.

(६)

या शब्दांचा इतिहास एका बाजूने चालला असता वर्गरचनेचा इतिहास दुसऱ्या बाजूने चालला होता. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने इंटरमीजिएट मोडून एक वर्षाचा पूर्व-विद्यापीठ वर्ग व तीन वर्षांची पदवी अशी रचना सुचविली. त्यानुसार नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात प्री-युनिव्हर्सिटी वर्ग सुरू झाले. मेहकरचा मुलगा अकरावी मॅट्रिक मराठीतून होई, आणि मग खामगाव, अकोला वा अमरावती येथील महाविद्यालयात एका वर्षात इंग्रजी, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि कलनशास्त्र या सर्वांना एकदम सामोरा जाई.

१९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने ही रचना पुन्हा बदलली. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी स्वतः पदार्थवैज्ञानिक होते, आणि केंद्रीय परिभाषा आयोगाचे पहिले अध्यक्षही तेच होते. या योगायोगाचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे लक्षात घेतले गेले नाही. कोठारी आयोगाने दोन शिफारशी एकत्र केल्या होत्या. शिक्षणाचा आकृतिबंध बदलावा, ही एक. आणि विद्यापीठीय पातळीवरही प्रादेशिक भाषा टप्प्याटप्प्याने माध्यम व्हाव्यात, ही दुसरी. महाराष्ट्राने पहिली शिफारस मनापासून स्वीकारली. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, १९७७ मध्ये बारावीची. विज्ञान शाखेपुरती दुसरी शिफारस मात्र मागे राहिली.

पहिल्या शिफारशीचा लाभ मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालये तालुक्याच्या गावी निघाली. पूर्व-विद्यापीठ विज्ञानासाठी मेहकर सोडण्याची गरज उरली नाही. तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमासारख्या संस्थांनी शिक्षण खेड्यांपर्यंत नेले. मुलींच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा ठरला, कारण मुलीस परगावी ठेवण्यास तयार नसलेला पालक तिला गावातल्या अकरावीस पाठवू शकला. प्रयोगशाळा दारात आली. परंतु तिच्यातील भाषा पूर्वी होती तीच राहिली. बालभारतीने २०१९ मध्ये अकरावीचे आणि २०२० मध्ये बारावीचे पदार्थविज्ञानाचे नवे पुस्तक काढले, ते इंग्रजीत. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा मराठीसह दहा भाषांत होऊ लागली. २०२१ पासून अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षाही मराठीत देता येऊ लागली. प्रश्नपत्रिका मराठीत मिळू शकते, मात्र दोन वर्षांचे अध्ययन इंग्रजीत झालेले असते. त्यामुळे या सवलतीचा उपयोग करण्यास विद्यार्थी धजत नाही. इमारतीचा वरचा मजला बांधला, खालचाही बांधला, मधला जिना तेवढा राहिला, असा हा प्रकार आहे.

(७)

येथवर कोश, आयोग आणि परीक्षा यांची हकीकत झाली. आता मेहकरसारख्या गावातील अकरावीच्या वर्गात प्रत्यक्षात कोणती भाषा चालते, ते पाहू. पुस्तक इंग्रजी आहे. अध्यापन इंग्रजीत नाही. ‘बॉडीवर फोर्स ॲक्ट झाला की तिची व्हेलॉसिटी चेंज होते’, या धाटणीची वाक्ये शिक्षक बोलतात. वाक्यरचना, क्रियापद, प्रत्यय मराठी, नामे इंग्रजी. शुद्धतावाद्यांस ही भाषा भ्रष्ट वाटेल. परंतु भाषाशास्त्रज्ञाने तिच्याकडे तुच्छतेने पाहू नये, कारण विद्यार्थी पदार्थविज्ञान समजून घेतो तो याच भाषेत.

या भाषेतील लिंगव्यवस्था विशेष उद्बोधक आहे. ‘फोर्स’ पुल्लिंगी चालतो: ‘किती फोर्स लागला’. शालेय परिभाषेतील बल नपुंसकलिंगी आहे. मग हे पुल्लिंग कोठून आले? बोलीतील ‘जोर’ पुल्लिंगी आहे. ‘करंट’ही पुल्लिंगी, शालेय ‘विद्युतधारा’ स्त्रीलिंगी, परंतु जुना ‘प्रवाह’ पुल्लिंगी. ‘एनर्जी’ स्त्रीलिंगी, येथे शेवटच्या ईकाराचाही हात असावा, तरी ‘ऊर्जा’ आणि ‘शक्ती’ दोन्ही स्त्रीलिंगी आहेतच. वऱ्हाडात वीज गेली की ‘लाईन गेली’ म्हणतात, तेथेही ‘वीज’ या शब्दाचे लिंग पुढे चालते. यावरून निदान एवढे अनुमान करता येते, की इंग्रजी शब्द मराठी मनात रिकाम्या जागी येऊन बसत नाहीत. ते एखाद्या मराठी शब्दाच्या जागी बसतात, आणि तो शब्द बहुधा पुस्तकातला नसून घरातला असतो.

याचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. घरातला ‘जोर’ हा शब्द व्यापक आहे. बैल जोर लावतो, पाण्याला जोर असतो, पंपाचा जोर कमी होतो, वाऱ्याचा जोर वाढतो. पदार्थविज्ञान या एका शब्दाचे तुकडे करते. पहिल्या वाक्यात बल, दुसऱ्यात संवेग वा दाब, तिसऱ्यात शक्ती, चौथ्यात वेग. हे विभाजन म्हणजेच पदार्थविज्ञानातील पहिली मोठी बौद्धिक पायरी होय. ती विद्यार्थ्याच्या भाषेत चढता आली नाही, तर पाचही इंग्रजी शब्द त्याच्या मनात पुन्हा एकाच ‘जोरा’त मिसळतात. मग सूत्रात संख्या घालून उत्तर काढणे त्याला जमते. परंतु पंप दोन अश्वशक्तीचा घेतला म्हणजे पाणी अधिक उंच चढेल की अधिक लवकर चढेल, असे विचारले तर तो थांबतो.

खुद्द प्रमाण मराठीतही हा गोंधळ शिल्लक आहे. ‘अणुशक्ती’ या रूढ शब्दात शक्ती म्हणजे ऊर्जा आहे, आणि क्रमिक पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. दोन्ही प्रयोग शासनमान्य आहेत. हा भेद दाखविण्यास मेहकरच्या शिक्षकाजवळ एक असामान्य उदाहरण हाताशी आहे. पूर्वी मेहकर तालुक्यातच असलेले लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. लवणासुराची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे लक्ष वेधले, आणि हे विवर ज्वालामुखीचे की आघाताचे हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काचसदृश द्रव्ये दाखविली, आणि आघाताचा पक्ष सिद्ध झाला. अग्निजन्य बेसाल्ट खडकात असे विवर पृथ्वीवर दुर्मिळ आहे. येऊन आदळलेला दगड विवराच्या मानाने लहानच होता. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, वेग दसपट तर ऊर्जा शंभरपट. ती ऊर्जा क्षणार्धात मोकळी झाली, म्हणून शक्ती कल्पनातीत झाली. ऊर्जा किती, आणि ती किती वेळात, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ही गोष्ट लोणारच्या काठावर उभे राहून मराठीत पाच मिनिटांत सांगता येते.

(८)

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. पदवीनंतरचे पदार्थविज्ञान जगभर इंग्रजीत चालते. बारावीपर्यंत मराठी ठेवली तर धक्का टळणार नाही, दोन वर्षांनी पुढे ढकलला जाईल. शिवाय मेहकरच्या पालकास इंग्रजी हवी आहे. तो मुलास सेमी-इंग्रजी वर्गात घालतो, आणि त्याचा हा निर्णय अविचाराचा नाही. इंग्रजी नाकारण्याचा सल्ला ज्यांची मुले इंग्रजी शाळेत शिकली आहेत त्यांनी त्याला देऊ नये, हे उचितच होय.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे इंग्रजी काढावी असे नाही. दोन भाषांमधला पूल बांधावा, एवढेच आहे. आणि पुलाला दोन्ही काठ लागतात. आठवीपासूनच शालेय पुस्तकात प्रत्येक पारिभाषिक शब्दासोबत त्याचा इंग्रजी पर्याय देवनागरीत नित्य यावा, आणि अकरावी-बारावीच्या इंग्रजी पुस्तकासोबत शालेय परिभाषेतच लिहिलेले मराठी विवेचन असावे. या दोन्हींत एकच शब्द वापरला जावा. तो अपवर्तन असो वा वक्रीभवन, निवड कोणतीही चालेल; परंतु निवड झाल्यावर ती निदान दोन पिढ्या बदलू नये. नवा शब्द घडविण्यापेक्षा जुना न मोडणे हे आज परिभाषाकाराचे अधिक मोठे कर्तव्य आहे. नत्र आणि पालाश यांनी शिकविलेला धडा हाच आहे.

याखेरीज एक काम आपल्या विभागांनी करण्यासारखे आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविताना शिक्षक प्रत्यक्षात जी मराठी बोलतात, तिचे ध्वनिमुद्रण व विश्लेषण व्हावे. कोणत्या ठिकाणी ते मराठी शब्दाकडे वळतात, कोणत्या ठिकाणी बोलीकडे, कोणते उदाहरण सांगितल्यावर वर्गातून उत्तर येते, याची नोंद झाली तर समितीच्या टेबलावर न घडलेली, परंतु शिकविण्याच्या गरजेतून घडलेली एक परिभाषा हाती येईल. १८३३ च्या ग्रंथकाराने आपल्या पुस्तकास ‘संवाद’ म्हटले होते. त्या शब्दातली अपेक्षा, म्हणजे विचारणारा आणि सांगणारा एका भाषेत बोलत आहेत ही, पूर्व-विद्यापीठ वर्गांत अद्याप पूर्ण व्हावयाची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जानिमित्त जे संशोधन हाती घेतले जाईल त्यात लीळाचरित्राच्या मेहकराबरोबरच अकरावीच्या वर्गातल्या मेहकरालाही स्थान मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन पुरे करतो.